जोतिरामाचं नाव

"सोड हात," जोतिराम म्हणाला.

खरं तर हात त्याचा होता, आणि धरला होता छबूनं.

काजूच्या कारखान्याचं फाटक. संध्याकाळची सुटी. आम्हा बायकांची रांग, आणि रांगेच्या तोंडाशी जोतिराम मुकादम. सुटी झाली की तो झडती घ्यायचा. बायका अंबाड्यात, ओटीत काजू दडवून नेतात म्हणून. भट्टीवरचे गडी सायकलीवर टांग टाकून शीळ घालत निघून जायचे, त्यांना कुणी अडवायचं नाही. गडी काय चोरतात होय? झडती बायकांची, आणि ती बाईनं घ्यावी हे कुणाच्या डोक्यात कधी आलं नाही. आमच्या आलं असेल. पण आमच्या डोक्यावर पदर होता.

त्या झडतीत काय व्हायचं हे सांगताना आजही जीभ भाजते. एवढंच सांगते, काजू जिथं दडत नाही तिथंही तो काजू शोधायचा. आम्ही मान वळवून फाटकाबाहेरच्या करंजाकडे बघत राहायचो. त्या करंजाची पानं न् पानं आम्हाला पाठ होती. कुणी झंपराला पिना लावायची, कुणी उन्हाळ्यात दोन-दोन झंपर घालायची. घरी विचारलं की म्हणायची, भट्टीची धग लागती बाई.

छबू नवी होती. लग्न होऊन वर्ष सरलं नव्हतं तिचं. तिला करंजाकडे बघायची सवय लागली नव्हती. तिनं त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि दिवटी धरावी तसा तो हात वर धरला, साऱ्या रांगेला दिसेल असा.

"सोड म्हनतोय न्हवं?"

"आदी तुमी सोडा," छबू म्हणाली.

मागं कुणीतरी फिसकन हसलं. हसलं आणि लगेच गिळलं. पण ते जोतिरामच्या कानात शिरलं होतं. त्यानं दुसरा हात स्वतःच्या खिशात घातला, मूठ वळून बाहेर काढली आणि तीच मूठ छबूच्या डब्याच्या फडक्यात खुपसली. बाहेर काढून उघडली तर तळहातावर काजू. पांढरेधोट, अख्खे.

"बघा गं बघा! चोरटी सापडली!"

मी छबूच्या पाठीशीच उभी होते. मूठ झाकून आत गेली ती मी बघितली. माझ्यामागच्या पारूनं बघितली. आणखी चौघी-पाचजणींनी बघितली असेल. आणि मग आम्ही सगळ्यांनी करंजाकडे बघितलं.

---

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांच्या पत्नी, वैनीसाब, शेडमध्ये आल्या. बाई वाईट नव्हत्या. दर साल रथसप्तमीला कारखान्याच्या अंगणात आमचं हळदीकुंकू करायच्या, आपल्या हातानं वाण द्यायच्या. त्यांना भांडण आवडायचं नाही, एवढीच त्यांची खोड. आणि भांडण न आवडणारं माणूस नेहमी कुणाच्या बाजूनं पडतं, ते सांगायला नको.

"मुकादम म्हणतात छबूनं चोरी केली," त्या म्हणाल्या. "छबू म्हणते, नाही केली, आणि मुकादमांबद्दल भलतंच सांगते. उद्या हळदीकुंकू आहे, त्याआधी मला हे मिटवायचंय. कुणी काही पाहिलंय? कुणाची काही तक्रार आहे? असली तर सांगा. पण मोघम नको. नाव घेऊन सांगा."

बी फोडायची यंत्रं थांबली होती. भट्टीत लाकूड तडतडलं तेवढंच.

"घ्या नाव," त्या पुन्हा म्हणाल्या.

तोंडात शब्द आले होते माझ्या. दातांपाशी आले होते. तेवढ्यात पारू खिदळली, "वैनीसाब, नाव उद्या घिऊ की, वाणाच्या वक्ताला! आज कशापायी?"

सगळ्या हसल्या. असं हसू मी पुन्हा कधी ऐकू नये. मांजर पिल्लू गिळतं तसा त्या हसण्यानं आमचा राग गिळला.

वैनीसाबही हसल्या आणि त्यांनी निकाल दिला. छबूनं उद्या साऱ्यांसमोर पदर पसरून माफी मागायची. मागितली तर काम राहील, आणि गोष्ट कारखान्याबाहेर जाणार नाही. नाही मागितली तर काम गेलं, आणि सासूला बोलावून सगळं कानांवर घालावं लागेल. छबूच्या सासूनं आधीच सांगून ठेवलं होतं, चोर सून माझ्या उंबऱ्यात नको, आली त्या वाटेनं माहेरी जावं. म्हणजे छबूनं चोर नसताना चोर व्हायचं, नाहीतर नवऱ्याचं घर सोडायचं. दोन वाटा, आणि दोन्ही वाटांच्या तोंडाशी जोतिराम.

माझ्या शेजारच्या यंत्रावर गोदाक्का बसायची. आमच्यात वयानं थोरली, तरणेपणीच कपाळ पुसलेली. हाताला राख चोळायची, बी यंत्राच्या पात्याखाली धरायची, पायानं दाबायची, आणि कटकट आवाजाच्या ठेक्यावर ओवी म्हणायची. बीच्या टरफलातला चीक हाताला लागला की कातडी जळते, काळी पडते, सोलून निघते. त्यावर तिची ओवी होती:

*हाताला लागे चीक, हात माझे झाले काळे*
*पांढरा गं काजू माझा, पोरी, कुणाच्या ताटी लोळे*

त्या दिवशी तिनं ओवी म्हटली नाही.

"अक्का," मी म्हणाले, "तुमी का गप बसलासा? तुमाला कुणाचं भ्या?"

"तू का बसलीस?"

मी बी पात्याखाली नीट धरली नाही. ती उडून भिंतीवर आपटली.

"ऐक बाळे," गोदाक्का म्हणाली. "बाई कुणाचं नाव घेती? लगीन झाल्यावर, चारचौघींत, उखाण्यात, घेती त्ये नवऱ्याचं. ज्याचं नाव घेतलं त्याची ती झाली. लहानपनापास्नं ह्येच बघितलंय गावानं. मग उद्या तू म्हनलीस, जोतिराम असं करतो. गाव त्यातलं 'असं करतो' इसरंल. 'मालनच्या तोंडात जोतिरामाचं नाव' एवढं ध्यानात ठेवंल. काजूचा चीक निघतो, पोरी, ह्यो निघत न्हाई."

"तुमचं काय जानार हाय पन? तुमाला ना नवरा, ना सासू."

ती माझ्याकडे बघून हसली. कडू कवठासारखं हसू.

"रांडव बाईला तर आदी चिकटतं, बाळे. तिथं जागा मोकळीच असती."

---

त्या संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते. माझे मालक, सदाशिव, दुधाचा टेंपो चालवायचे. ताट पुढ्यात घेऊन बसले होते. माणूस चांगला. दारू नाही, मारहाण नाही. माझ्या हातांना रात्री खोबरेल लावून द्यायचे. म्हणून तर मला बोलायचं धाडस झालं. तेही पुरतं नाही, अर्धंच झालं.

"आमच्यात एक बाई हाय," मी तव्याकडे बघून म्हणाले. "मुकादम तिच्या अंगाला हात लावतो म्हनं. झडतीच्या टायमाला."

"कुठली बाई?"

"हाय एक. तुमी वळखत न्हाईसा."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला.

"तिलाच कसा लावतो?"

"म्हंजी?"

"म्हंजी एवढ्या बायका हायत. तिचंच नाव कसं आलं? टाळी काय एका हातानं वाजती व्हय?"

आणि घास तोंडात घातला.

मी तव्यावरची भाकरी उलथन्याशिवाय, हातानंच उलटली. चटका कळला नाही. त्या हातांना चटका कळायचं केव्हाच थांबलं होतं. पण दुसरं काहीतरी त्या वेळी मला लख्ख कळलं. मी जोतिरामला भीत नव्हते. असले जोतिराम माझ्या आजानं बैलाच्या चाबकानं फोडले असते, आणि चाबूक मलाही धरता येत होता. मी भीत होते ती ह्या घासाला. आमटीत बुडवता बुडवता, जीव लावणाऱ्या माणसानं, सहज विचारलेल्या प्रश्नाला. "तिचंच नाव कसं आलं?" हा एक प्रश्न आम्हा साऱ्या बायकांच्या घराघरांत ताटापाशी बसलेला होता, म्हणून तर जोतिरामचा हात लांब झाला होता.

"भाकरी करपली वाटतं," ते म्हणाले.

"करपू द्या," मी म्हणाले.

---

रथसप्तमीला अंगण सारवलं होतं. चादरींचा मांडव, त्याखाली सतरंज्या. पुढं खुर्चीवर वैनीसाब, आणि त्यांच्या शेजारी मानाच्या जागी जोतिरामची बायको. तिला आम्ही मुकादमीण म्हणायचो. हिरवं लुगडं, नाकात नथ, तोंडात शब्द नाही. वैनीसाबनी तालुक्याहून फोटोवाला बोलावला होता. तिळगुळाची ताटं होती आणि आज मालकांचा हात सैल म्हणून त्यात काजूच्या पाकळ्याही टाकल्या होत्या. वर्षभर आम्ही काजू फोडायचो, खायला मिळायचे ते ह्या दिवशी.

गोदाक्का मांडवाबाहेर चुलीपाशी होती. तिला कुंकू लावायचं नाही, मग तिनं दूध उकळायचं. दर साल असंच.

छबू खांबाला टेकून उभी होती. डोळे सुजलेले, पदर दोन्ही हातांत पिळून धरलेला. पसरायचा होता ना तो थोड्या वेळानं.

"आधी नावं होऊ देत," वैनीसाब म्हणाल्या. "मग ते एकदाचं उरकू. सणाच्या दिवशी सुरुवात तरी गोड होऊ दे."

फाटकाशी जोतिराम उभा होता. हळदीकुंकवात पुरुषाचं काय काम? पण फाटकाची किल्ली त्याच्याकडे. काठी भिंतीला टेकवून, एक पाय दुमडून, तो आमच्याकडे बघत होता. बाजारात गुरं बघावीत तसा.

उखाणे सुरू झाले. पारूनं नवऱ्याचं नाव घेतलं, लाजली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणखी दोघींनी घेतली. मग ओरडा झाला, "मालन! मालनीचं ऱ्हायलं! नाव घे, नाव घे!"

मी उठले. माझा उखाणा आठवड्यापासून पाठ होता. भाकऱ्या थापताना जुळवलेला. नवऱ्यालाही म्हणून दाखवला होता, तेव्हा ते मिशीत हसले होते.

"तिळगुळाच्या ताटात काजूची पाकळी…"

आणि माझी नजर फाटकाकडे गेली. जोतिराम काजू खात होता. ताटातले उचलून नेले असावेत. मूठ झाकलेली, तोंडापाशी नेली, उघडली. तीच मूठ. फडक्यात झाकून गेलेली.

जुळवलेलं यमक ओठांवर होतं. बाहेर आलं ते दुसरंच.

"…जोतिरामाचं नाव घेते, वाट करा मोकळी."

चुलीवरचं दूध उतू गेलं. त्याचा चर्र आवाज साऱ्या मांडवात ऐकू आला.

मग वैनीसाब खळखळून हसल्या. "अगं मालन! चुकलीस! नवऱ्याचं नाव घ्यायचं, मुकादमांचं नाही!"

"अगं बया बया!" पारू ओरडली. "सदाशिवाला कळलं तर टेंपोखाली घालंल की हिला!"

हशा उसळला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडल्याचा हशा. मुकादमीण तेवढी हसली नाही.

"असू दे, होतं असं," वैनीसाब प्रेमानं म्हणाल्या. "चुकलं म्हण आणि पुन्हा घे."

किती सोपं होतं. एक शब्द. चुकलं. तो म्हटला की सदाशिवरावांचं नाव घेऊन खाली बसायचं, वाण पदरात घ्यायचं, आणि वर्षभर सगळ्यांनी त्या चुकीवर हसायचं. खांबापाशी छबूनं मान वर केली होती.

"चुकलं न्हाई, वैनीसाब."

"म्हणजे?"

"काल तुमी म्हनलासा, मोघम नगं, नाव घिऊन सांगा. आमाला नाव घ्यायची हीच एक रीत शिकवलीया. त्या रीतीनं घेतलं." माझा आवाज फाटत होता, फाटू दिला. "छबूच्या फडक्यात ह्याची मूठ झाकून गेली. मी बघितली. काजू ह्याच्या खिशातलं. आनि झडतीत ह्यो काय करतो त्ये मला माहीत हाय, कारन माज्यासंगं बी करतो."

जोतिराम भिंतीपासून सुटा झाला. पण चिडला नाही. दात दाखवून हसला. चिडला असता तर बरं झालं असतं.

"मालन," तो लाडात आल्यासारखा म्हणाला, "भरल्या मांडवात माजं नाव घेतीस व्हय? गाव काय म्हनंल? सदाशिवाला काय सांगशील? म्हनतील, हिचं न् त्येचं…"

पुढचं त्यानं बोटांनीच दाखवलं.

आणि क्षणभर तोच जिंकला. साऱ्या मांडवात माना खाली गेल्या. गोदाक्का म्हणाली होती अगदी तसंच होत होतं. चीक लागत होता, मला दिसत होता लागताना. माझ्या शेजारची बाई हळूच थोडी बाजूला सरकली.

"मला बी घ्यायचंय नाव."

चुलीपासून आवाज आला. गोदाक्का कपाळावरचा घाम पुसत उभी राहिली होती. हातात दुधाची पळी.

"गोदाक्का, तुम्ही…" वैनीसाब चाचरल्या.

"व्हय, मी. मालक गेल्यापास्नं मला कुनी म्हनलं न्हाई, अक्का, नाव घे. आज मीच म्हनते माझी मला." आणि ती मांडवात आली. कुंकवाच्या करंड्यांच्या, हळदीच्या वाट्यांच्या मधून, जिथं तिनं यायचं नसतं तिथून, सरळ मधोमध येऊन उभी राहिली. आवाज तोच, ओव्यांचा, पाण्यासारखा:

"भट्टीत भाजली बी, बीला सुटला घाम,
झडतीच्या नावाखाली हात घालतो जोतिराम!"

कुणी टाळी वाजवली नाही. पण ती सरकलेली बाई पुन्हा माझ्याजवळ सरकली. आणि मग पारू उठली. कालची खिदळणारी पारू. रडत होती आणि उखाणा म्हणत होती, नाक पुसत पुसत:

"झंपराला लावल्या पिना, पदराला मारल्या गाठी,
जोतिरामाचं नाव घेते, रोजच्या झडतीसाठी!"

त्यानंतर आम्ही एकमेकींना नाव घे म्हणायला थांबलो नाही. जिला जसं जमलं तसं. कुणाला यमक जुळलं, कुणाला जुळलं नाही. एकीला नुसतंच "जोतिराम, जोतिराम" म्हणता आलं, दात-ओठ खात, जात्यात मूठ टाकावी तसं. एक म्हातारी तर म्हणाली, "हळद लावते, कुंकू लावते, लावते अत्तर, जोतिराम भाड्या, दे आता उत्तर!" तिला हसायला हवं होतं कुणीतरी. कुणी हसलं नाही. फोटोवाल्यानं यंत्र खाली करून मान दुसरीकडे वळवली होती. करंजाकडेच बघत असावा.

एकीनं नाव घेतलं असतं तर ती त्याची झाली असती. साऱ्यांनी घेतल्यावर तो कुणाचाच राहिला नाही. त्याच्या तोंडावरचं हसू कसं उतरलं ते मी नीट बघितलं. वाळलेलं शेण भिंतीवरून सुटावं तसं, तुकड्या-तुकड्यानं.

शेवटी छबू खांबापासून पुढं आली. तिनं पिळलेला पदर सोडला, झटकला आणि कमरेला खोचला.

"ओटीत न्हवता काजू, फडक्यात न्हवती बी,
जोतिरामाचा हात धरला, ती हात धरनारी मी!"

एवढं म्हणून ती वैनीसाबकडे वळली. "माफी कुनी मागायची?"

वैनीसाबांच्या हातातलं वाण तसंच हातात होतं. स्टीलची वाटी. बोलली ती मुकादमीण, आणि तीही आमच्याशी नाही.

ती खुर्चीवरून उठली. नथ काढून मुठीत घेतली. साऱ्या मांडवातून चालत फाटकापाशी गेली. वैनीसाब सोडल्या तर त्या दिवशी त्याचं नाव न घेतलेली ती एकटीच बाई होती. तिनं घेतलं असतं तर तो साधा उखाणाच झाला असता. नवरा होता ना तो तिचा.

"तू घरी चल," जोतिराम गुरगुरला. "ह्या रांडांचं काय ऐकतीस?"

"बाजूला व्हा," ती म्हणाली.

"काय म्हनलीस?"

"वाट सोडा म्हनलं. बायकांना घरला जायाचंय."

तो हलला नाही. मग तिनं त्याच्या कमरेची किल्ली ओढून घेतली, फाटक उघडलं आणि आपणच आधी बाहेर पडली. मागं बघितलं नाही. तिच्यामागून आम्ही. कुणाचीही झडती झाली नाही. छबूच्या ओंजळीत तिळगूळ होता, आणि वरती काजूच्या पाकळ्या, साऱ्या गावाला दिसतील अशा.

---

बातमी माझ्याआधी घरी पोचली होती. माझे मालक दारातच बसले होते.

"जोतिरामाचं नाव घिऊन आलीस म्हनं."

"व्हय."

"आनि माझं?"

"तुमचंच घ्यायचं हुतं," मी म्हणाले. "तुमच्यापायीच जुळवल्याला उखाणा हुता. वाटेत त्यो हुबा हुता."

ते आत आले नाहीत. ती रात्र टेंपोत झोपले. पुढं कितीतरी दिवस आमच्यात भाकरी आणि पाणी एवढेच शब्द होते. खोबरेलाची बाटली फळीवर तशीच. एका संध्याकाळी जेवता जेवता त्यांनी खाली बघूनच विचारलं,

"रोज?"

"रोज," मी म्हणाले.

"मला का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं हुतं. तुमी म्हनलासा, तिचंच नाव कसं आलं."

त्यांच्या हातातला घास ताटात पडला. मी "जेवा" म्हणाले नाही. त्यांचा त्यांनी उचलला असता तर उचलला असता. नाही उचलला. बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारून आले आणि फळीवरची बाटली घेऊन माझ्यासमोर बसले. मी हात पुढं केले नाहीत. त्या दिवशी नाही. पुढं केले, पण ते फार पुढं.

गोष्टीत असतं तसं पुढं सगळं गोड झालं नाही. फाटकावर झडतीला बाई येईपर्यंत आम्ही कामावर गेलो नाही, तेव्हा कुठं कारखान्याच्या मालकांनी बाई नेमली. जोतिरामला काढलं असं कुणी म्हणालं नाही; तो "दुसऱ्या कामाला गेला" म्हणाले. असल्या माणसांना दुसरं काम लगेच मिळतं. छबूला सासूनं घरात ठेवली, पण टोमण्यांत ठेवली. गोदाक्काला पुढच्या रथसप्तमीला पुन्हा चुलीपाशीच बसवायला निघाले होते. तेव्हा छबूनं तिचा हात धरून तिला सतरंजीवर आणून बसवलं, आणि वैनीसाब दुसरीकडे बघायला लागल्या. माझा राग म्हणाल तर तो आहे अजून. शिळा झाला नाही. बीतल्या चिकासारखा आहे, कवच फोडलं की ताजा.

मागच्या साली तालुक्याच्या स्टँडवर गाडीची वाट बघत होते. शेजारी छबूची नात, कॉलेजला जाणारी, पाठीला पिशवी. एक पोरगा येऊन तिला अगदी खेटून उभा राहिला. तिनं जागा बदलली, तो पुन्हा खेटला. माझा हात चपलेकडे गेला होता. तेवढ्यात पोरीनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं. ओरडली नाही. नुसतं विचारलं,

"नाव घेऊ का?"

पोरगा असा सरकला, जसा काही तवा लागला.

"काय म्हणालीस गं?" मी तिला विचारलं. "कुठं शिकलीस हे?"

"सगळ्याच म्हणतात की आज्जी, आमच्याकडं," ती म्हणाली. "कुणी अंगचटीला आलं की म्हणायचं. का? काय आहे त्यात?"

तिला जोतिराम कोण ते ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही. गाडी लागली होती, आणि दारापर्यंतची वाट मोकळी होती.